गिरणीवाल्या काकांची मुकी फटफटी

शहापूरचे माझे घरमालक नळाला पाणी आल्याचं सांगत, तेव्हा ते वाशिंदलाही समजत असावं. पहिल्याच सकाळी "बाईऽऽ, पाणी!" अशी हाक आली आणि मी अंथरुणातून उठून थेट दाराबाहेर जाऊन उभी राहिले. मला वाटलं, घराला आग लागली. काका अंगणात बादली घेऊन उभे. चेहऱ्यावर रागाचं नाव नाही. उलट नव्या भाडेकरणीला वेळेवर उठवल्याचं समाधान.

मी सातारा जिल्ह्यातली. शेणव्याच्या पुढे एका वाडीतल्या शाळेवर माझी नेमणूक झाली, आणि राहायला खोली मिळाली ती शहापुरात, या काकांच्या घराच्या मागच्या अंगाला. गल्लीत सगळे त्या घराला 'गिरणीचं घर' म्हणत. काकांची भाताची गिरण होती. ऐन मोसमात बैलगाड्यांची, मग टेम्पोंची रांग लागायची म्हणे. पट्टा फटफटायचा, चाळण्या थडथडायच्या, आणि त्यातून माणसाला माणसाशी बोलायचं तर छातीतून ओरडावंच लागायचं. काका त्या गिरणीत पोरसवदा वयात शिरले आणि केस पांढरे झाल्यावर बाहेर पडले. नव्या मोठ्या गिरण्या आल्या, यांची बंद पडली, पण आवाज तसाच राहिला. काकींचाही. दोघं चहात साखर किती यावर बोलत असले तरी नवख्या माणसाला भांडण वाटावं.

"गिरणवाल्यांचा गळा आहे तो," शेजारच्या सुनंदावहिनी मला म्हणाल्या होत्या. "सवय होईल तुमाला."

झाली. काकांच्या इतरही सवयींची सवय झाली. मे महिन्यातसुद्धा ते हिरवा जाड कोट घालून बाहेर पडत. चालत्या प्रत्येक यंत्रावर तळहात ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. माझ्या खोलीत फ्रिज आला तेव्हा त्यांनी दारातच चपला काढल्या, फ्रिजच्या पाठीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "निरोगी आहे." पाण्याच्या मोटरची, शेजारच्या मिक्सरची, एकदा तर बँकेतल्या एसीची नाडी त्यांनी अशीच पाहिली होती. "माणूस खोटं बोलतो बाई. यंत्र हाताखाली खोटं बोलत नाय."

मोबाइलवर मात्र त्यांचा विश्वास नव्हता. फोन आला की ते "हॅलो, हॅलो, काय? रेंज नाय!" असं ओरडत अंगण, मग गल्ली, मग मारुतीच्या देवळापर्यंत जात आणि शेवटी फोन बंद करून परत येत. आमच्याकडे रेंज बरी होती. पण डोंगराळ भाग, असेल एखाद्याच्या नशिबी, असं आम्ही समजत होतो.

आणि त्यांची फटफटी. काकांच्या वडिलांनी ती भातसा धरणाचं काम चाललं होतं तेव्हा तिथल्या एका साहेबाकडून घेतलेली. इंग्लंडात बनलेली, काळी, टाकीवर सोनेरी रेघ. गिरणीच्या रिकाम्या पत्र्याच्या शेडमध्ये ती एकटी उभी असे, आणि सकाळी काका तिला किक मारत. दुसऱ्या-तिसऱ्या किकेला ती उठायची. म्हणजे आधी एक खोकला, मग एक बार, आणि मग गल्लीतल्या प्रत्येक खिडकीची काच वेगळी वाजावी असा धडधडाट. माझ्या खोलीतल्या मांडणीवरचा चमचा पेल्यात आपोआप फिरायचा. काका गाडी लगेच काढत नसत. "इंजिनला जाग यायला पायजे," म्हणून आरामात कोट चढवत, रुमाल बांधत, मग निघत. कुठे जायचं असतं असं नाही. आटगावला एका मित्राकडे, कधी उगाच हायवेपर्यंत. आठवड्यातून एकदा मात्र मुरबाडला. तिथे दत्तू वेल्डर हा त्यांचा जिवाभावाचा दोस्त होता. माझी शाळा त्याच वाटेवर. त्या दिवशी ते मला मागे बसवून शाळेपाशी सोडत. मी येतेय हे पोरांना मी दिसायच्या कितीतरी आधी कळायचं, आणि मी पोचेपर्यंत वर्ग अगदी शहाण्यासारखा बसलेला असायचा.

सुनंदावहिनींची लेक बाळंतपणाला माहेरी आली, तिथून हे सगळं सुरू झालं.

बाळ आठवड्याभराचं असेल. वहिनी सकाळी आल्या, पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या. काकांना कुणी काही टोचून बोलत नसे, कारण त्यांनी कुणाला कधी बोललेलं नव्हतं.

"काका, रागवू नका," वहिनी मोठ्याने म्हणाल्या. "गाडी सुरू झाली की बाळ दचकतं. दोन्ही हात वर करतं, तोंड लाल होतं, मग तासभर रडतं."

काकांच्या हातातला चहा तसाच राहिला. "माझ्या गाडीने?"

"तानं आहे ना. जरा गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेलीत तर..."

"पोर दचकतं," काका स्वतःशीच म्हणाले. म्हणजे त्यांना वाटलं स्वतःशी; ते समोरच्या दुकानातही ऐकू गेलं.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गाडी बंद ठेवून कोपऱ्यापर्यंत ढकलत नेऊ लागले. ती गाडी म्हणजे एखादी म्हैस. साठीपलीकडचा माणूस, अंगात जाड कोट, चढावर घाम गाळत ती ढकलतोय हे पाहून गल्लीतली माणसं धावली, तर काकांनी सगळ्यांना हाताने थांबवलं. "पोर तुमच्या गाडीने दचकत नाय. मला करू दे." पण ढकलणं हा इलाज त्यांना मान्य नव्हता. त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं आणि गाडीच्या मागच्या नळीकडे बोट दाखवून समजावलं. इंजिनातून धूर एकेका धक्क्याने बाहेर पडतो, तो धक्का म्हणजेच आवाज. सायलेन्सरचं काम त्या धक्क्याला आत फिरवून फिरवून दमवायचं. "हिच्या सायलेन्सरचं पोट आतून गंजून गेलंय. आतल्या जाळ्या गळाल्या. नुसती पुंगी राहिली. आपण हिला नवं पोट देऊ."

पहिलं पोट भांडी घासायच्या तारेच्या घासण्यांचं होतं. काकींच्या मोरीतल्या, माझ्या मोरीतल्या, आणि मग दुकानातल्या उरलेल्या सगळ्या. काकांनी त्या नळीत कोंबल्या. आवाज खरोखर बसला. काका आनंदाने बाजारात गेले आणि ऐन भाजीवाल्यांच्या रांगेत गाडीने मागून लालभडक झालेली एक घासणी पिचकारीसारखी बाहेर फेकली. ती एका टोपलीतल्या पालेभाजीवर जाऊन पडली आणि चर्र झाली. काकांनी ती सगळी टोपली विकत घेतली. आम्ही आठवडाभर माठ खाल्ला.

दुसरं पोट नारळाच्या काथ्याचं. हा सल्ला दत्तूचा. काथ्या ओला करून भरला तर जळणार नाही, असं त्याचं म्हणणं. तो ओला होता तोवर जळला नाही. मग गल्लीत असा धूर कोंडला की देवळातून माणसं कळशा घेऊन धावत आली.

"दत्तू, तुझं डोकं आहे का नारळ?" काकांनी मुरबाडला जाऊन विचारलं. मी त्या दिवशी सुट्टी म्हणून सोबत होते.

दत्तू अजिबात खजील झाला नाही. "काका, शोध असेच लागतात. थांबा, तुमच्या गिरणीत आग इझवायचं लाल नळकांडं होतं ना? रिकामं असेल तर आणा."

तिसरं पोट ते. दत्तूने त्या नळकांड्याला दोन्हीकडून भोकं पाडून ते गाडीच्या नळीला जोडलं. काळ्या, सोनेरी रेघेच्या त्या देखण्या गाडीच्या बुडाशी लालभडक टाकी दिसू लागली. आणि आवाज? माझ्या मते तो वाढला होता. आधी फटाके होते, आता विहिरीत ढोल वाजवल्यासारखं व्हायचं. छातीत घुमायचं.

त्या पावसाळ्यात काका तापाने आजारी पडले होते. बरेच दिवस अंथरुणावर होते. उठले ते थेट शेडमध्ये गेले, किक मारली, आणि मान वाकडी करून ऐकत राहिले. मग घरात आले, आणि त्यांची नजर स्वयंपाकघरातल्या मोठ्या कुकरकडे गेली. त्यांच्या डोळ्यांत चौथं पोट दिसत होतं. काकींनी ते बरोबर ओळखलं. कुकर पदराआड घेत त्या ओरडल्या, "अहो, आता कुठे येतोय आवाज? बसला की! अजिबात नाय येत ऐकू!"

काका चमकले. "खरंच? मलाही तसंच वाटत होतं. मी म्हटलं, मनाचे खेळ." मग ते कुंपणाशी गेले. "सुनंदा, गाडी ऐकू येते का गो?"

वहिनींनी काकींकडे पाहिलं. काकींनी मान हलवली. बाळ एव्हाना बापाकडे वाशिंदला गेलेलं होतं. "नाय काका!" वहिनी हाताचे पंजे हलवत ओरडल्या. "मांजरीवानी चालते!"

मग ते सगळ्या गल्लीने उचललं. त्यांचा चेहरा असा उजळायचा, की खरं बोलायचं कुणाच्या जिवावर यायचं नाही. मीही म्हटलं, "छान झालीय काका." काका पुन्हा शेडमधूनच गाडी सुरू करू लागले. सकाळी काचा थरथरत, चमचे पेल्यात फिरत, आणि त्या गदारोळातून काका कृतकृत्य चेहऱ्याने, कुणाची झोप मोडू नये अशा बेताने, फाटक अगदी हळूच लावून घेत.

आपण शांततेचे मानकरी झालो असं मानल्यावर माणूस जसा वागेल तसे ते वागू लागले. कोपऱ्यावर एका कॉलेजच्या मुलाने नवीकोरी मोटरसायकल घेतली होती आणि मुद्दाम मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवून आणला होता. एके दिवशी मी मागे बसलेली असताना काकांनी त्याला रस्त्यात अडवलं. स्वतःची गाडी चालूच ठेवून, तिच्यावरून ओरडत, त्याला समजावू लागले.

"लोकांना त्रास होतो रे! आजारी माणसं असतात, तानी पोरं असतात! ही बघ माझी गाडी. तुझ्या आजापेक्षा म्हातारी. येते का ऐकू?"

मुलाने त्यांच्याकडे पाहिलं, लाल नळकांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काका, मस्करी करताय का?"

काकांना ते ऐकू गेलं नाही. "शाब्बास," ते म्हणाले, "विचार कर," आणि पुढे निघाले. मला हसू आलं. पण त्या मुलाच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, तो नुसता गोंधळला होता. मागे बसल्याबसल्या मला ते कुठेतरी खटकलं.

काय खटकलं, ते पुढच्याच आठवड्यात कळलं. शेणव्याच्या अलीकडे रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना खाचरं. कापणी व्हायची होती. मागून खडीचा डंपर आला आणि हॉर्न वाजवू लागला. एकदा, दोनदा, मग हात न उचलता. काका रस्त्याच्या मधोमध, निवांत. मला वाटलं, हट्टाने जागा देत नाहीत. मी खांद्याला हात लावला, तर त्यांनी मान जराशी मागे वळवून आनंदाने सांगितलं, "बघा बाई, किती शांत! एरवी या वाटेला भारद्वाज ऐकू येत नसे. येतो का आता?"

डंपर घासून गेला. त्याच्या वाऱ्यानेच गाडी डगमगली, बांधावरून घसरली, आणि आम्ही दोघं खाचरात, भातावर आडवे. लागलं काही नाही. चिखलाने सांभाळलं. पुढे थांबून डंपरवाला उतरला आणि तोंडाला येईल ते बोलला. काका त्याच्या तोंडाकडे एकटक बघत होते. तो वळून जायला निघाला, पाठमोराच ओरडत राहिला, तेव्हा काकांनी मला विचारलं, "थांबला का बोलायचा?"

काका गाडी उचलायला वाकले. मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून, एरवी वर्गात बोलते त्या आवाजात म्हटलं, "काका." मग जरा मोठ्याने, "काका, गाडी तुमच्या पायावर पडतेय." ते शांतपणे हँडलवरचा चिखल पुसत होते.

संध्याकाळी काका देवळात गेल्यावर मी काकींना हे सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"मला काय म्हाईत नाय गो?" त्या म्हणाल्या. आणि माझ्या लक्षात आलं, की घरात काका नसताना काकींचा आवाज साधा होता, अगदी मऊ. "गिरणीत असतानाच कमी झाला होता कान. तापानंतर पार गेला. दिवा घालवला की आमचं बोलणं बंद. अंधारात त्यांना माझं तोंड दिसत नाय. आणि ते समजतात, ही आजकाल लवकर झोपते."

"मग सांगत का नाही त्यांना?"

"सांगितलं तर गाडी सुटल. गिरण गेली तेव्हा वर्षभर माणूस नुसता भिंतीला टेकून बसला होता. बोलायचा नाय, जेवायचा नाय. या गाडीने उठवला त्याला." त्यांनी सूप खाली ठेवलं. "आता गाडी गेली तर कशाने उठवू?"

"आणि गाडीवरच काही झालं तर काकी? आज मी मागे होते."

त्या पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "तुमीच सांगा. आमचं सगळ्यांचं खोटं बोलून झालंय. तुमी शिकवणाऱ्या, तुमचं ते मानतात."

रात्रभर मी वाक्यं जुळवली. सकाळी एकही उपयोगी पडलं नाही. शेडमध्ये काका गाडीचा चिखल धुऊन तिला किक मारत होते. धडधडाट सुरू झाला. मला बघून त्यांनी अंगठा वर केला. "काही बिघडलं नाय! तशीच शांत!"

मी त्यांचा हात धरला. एवढ्या दिवसांत कधी धरला नव्हता, ते चपापले. तो हात मी शेडच्या पत्र्यावर नेऊन टेकवला.

पत्रा थरथरत होता. इंजिनच्या प्रत्येक ठोक्याला मार खाल्ल्यासारखा हादरत होता. फळीवर खिळ्यांचा डबा होता, त्यातले खिळे नाचत होते. काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पत्र्याकडे. दुसरा हातही टेकवला. मग डोळे मिटले. मी त्यांना इतक्या यंत्रांची नाडी बघताना पाहिलं होतं, पण असा चेहरा कधीच पाहिला नव्हता.

त्यांनी गाडी बंद केली. पत्रा थांबला.

"एवढा?" ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं.

मी मान हलवली.

"म्हणजे आवाज बसलाच नाय. माझेच कान बसले."

मी पुन्हा मान हलवली.

"गल्लीत सगळ्यांना म्हाईत?"

"हो."

"हिलाही?" काकी दारात येऊन उभ्या होत्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे. मग खुंटीवरचा कोट घेतला आणि चालतच फाटकाबाहेर पडले.

ते परत आले, पण बरेच दिवस कुणाशी बोलले नाहीत. पाणी आल्याची हाक बंद झाली. माझं पाणी दोनदा चुकलं. गल्ली ओळखू येईना. काकी रोज ताट वाढून समोर बसत, ते खाली मान घालून जेवत. मला वाटलं, गाडीचा आवाज बसवायला गेले आणि माणसाचाच बसवला.

मग एके दिवशी ते आटगावच्या मित्राला घेऊन कल्याणला गेले आणि कानात मशीन घालून आले. अंगणात उभे राहून त्यांनी काकींना, मला, वहिनींना बोलावलं. आम्ही रांगेत उभ्या राहिलो. काका शेडमध्ये गेले, आणि किक मारली.

दुसऱ्या क्षणी ते दोन्ही हात कानांवर दाबून बाहेर आले. "अरे देवा! अरे देवा रे! बंद करा ती!" बंद करायची कुणाला येत नव्हती. तेच पुन्हा आत धावले. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे पाण्याने भरले होते आणि ते हसत होते, दोन्ही एकदम. "आणि मी त्या पोराला रस्त्यात धरून... आणि तो मला काय म्हणाला असेल!"

त्याच दुपारी ते घरोघर गेले. प्रत्येक दारात उभे राहून हात जोडत. "एवढं सोसलंत? एकाने तरी सांगायचं की रे."

"तुमी एवढे खूश होतात काका," सुनंदावहिनी म्हणाल्या. "कोण सांगणार? आणि रोज चमचे वाजले की वाटायचं, चला, काका उठले, आज बरे आहेत."

काका पुढच्या दारात गेले. कॉलेजच्या मुलाकडे सगळ्यात शेवटी गेले आणि तिथे पुष्कळ वेळ बसले. त्याने सायलेन्सर बदलला नाही, पण गल्लीत शिरताना गाडी बंद करून ढकलत आणू लागला.

मग काका दत्तूकडे गेले आणि या खेपेला कुणी कल्पना लढवल्या नाहीत. लाल नळकांडं काढून टाकलं. इंजिनला नळी जिथे लागते तिथे फट होती, अर्धा आवाज तिथूनच निसटत होता. ती तांब्याच्या कड्याने बुजवली. सायलेन्सर उघडून आत बारीक भोकांची लांब नळी बसवली, तिच्याभोवती काचेची लोकर गुंडाळली. काम चाललं होतं तोवर काका कानाचं मशीन चालू-बंद करत. चालू करून ऐकत, मग बंद करून हात टेकवत. "आता दोन साक्षीदार आहेत," ते दत्तूला म्हणाले. गाडी सुरू झाली तेव्हा डुगडुग असा जाड, खालचा आवाज आला, एखाद्या जाडजूड माणसाने नाकातून गुणगुणावं तसा. दत्तू नाचला. काकांनी त्याला मिठी मारली.

पण खरी अडचण रस्त्यावर कळली. गाडी पळू लागली की मशीनमध्ये वारा शिरे आणि नुसती घोंघों होई. मशीन काढलं तर हॉर्न ऐकू येत नाही; ठेवलं तर वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही. मोठे आरसे लावले, तरी वळणावर आरसे काय दाखवणार. काकांनी दोन फेऱ्या मारल्या, गाडी शेडमध्ये लावली, आणि किल्ली देव्हाऱ्यासमोर ठेवून दिली. "पुरे झालं," ते म्हणाले. भिंतीला टेकून बसले.

काकी स्वयंपाकघरातून हे बघत होत्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा एकदा त्या गाडीवर बसल्या होत्या, आणि पहिल्याच वळणावर उतरून पायी घरी आल्या होत्या. त्यानंतर कधीच नाही. "हा भस्म्या राक्षस आहे," असं त्या गाडीला म्हणत. त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा पदर कमरेला घट्ट खोचलेला होता आणि हातात माझं, शाळेला जायला स्कूटी घेईन म्हणून आणलेलं आणि कधीच न वापरलेलं हेल्मेट होतं.

"उठा," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"मुरबाडला. मागनं कुणी आला तर मी डाव्या खांद्यावर मारीन. म्हणजे तुमी डावीकडे सरायचं. दोनदा मारलं की थांबायचं. जोरात मारीन, कोट जाड आहे तुमचा."

"अगो, तुला भीती..."

"वाटते. चला."

मी त्या दोघांना फाटकातून बाहेर पडताना पाहिलं. काकींचे डोळे गच्च मिटलेले होते. काकांना ते दिसणं शक्य नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली गावाकडे झाली. निघायच्या आधी शाळेतले कागद पूर्ण करायला मी एसटीने शेणव्याला चालले होते. अरुंद रस्त्यावर बस एकाएकी हळू झाली आणि ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पुढे काळी गाडी डुगडुगत चालली होती, मधोमध. हॉर्न वाजला तशी मागची बाई पाठीचा कणा ताठ करून बसली, मान वळवून बस बघितली आणि समोरच्या हिरव्या कोटाच्या डाव्या खांद्यावर असा सणसणीत हात मारला की बसमधली माणसं हसली. गाडी शहाण्यासारखी बाजूला झाली.

बस त्यांच्या अगदी जवळून गेली. काकींनी वर पाहिलं. डोळे टक्क उघडे होते. मला त्यांनी ओळखलं, चेहरा सगळा फुलला. मी हात हलवत राहिले. त्यांनी हलवला नाही. त्यांचे दोन्ही हात कामावर होते.